बंद पडलेल्या भट्टीची चव

श्रोतेहो, मद्याचा विषय आणि बोलणारा निवृत्त शाळामास्तर, हें ऐकून कांहीं जणांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. त्यांना आरंभींच एवढें सांगतों, कीं मी मद्याचा प्रचार करावयास बसलों नाहीं, आणि निषेधाचें व्याख्यान देण्याचाहि माझा विचार नाहीं. मला बोलावयाचें आहे तें चवीविषयीं. आणि तीहि अशा चवीविषयीं, कीं जी निर्माण करणारें घरच बंद पडलें आहे.

प्रथम शब्दांचा अर्थ सांगावा ही माझी जुनी खोड. स्कॉटलंडांत जवाचे दाणे भिजवून त्यांना मोड आणतात, ते धुरावर अथवा उष्ण हवेंत वाळवितात, भरडून गरम पाण्यांत त्यांची साखर उतरवितात, तें गोड पाणी आंबवितात आणि तांब्याच्या भांड्यांत दोनदां, क्वचित् तीनदां, त्याचें ऊर्ध्वपातन करतात. निघणारा अर्क पाण्यासारखा स्वच्छ आणि जिभेला झोंबणारा असतो. तो ओकच्या लाकडी पिंपांत निदान तीन वर्षें ठेवल्याखेरीज त्यास व्हिस्की म्हणण्याची तेथील कायद्यानें मुभा नाहीं. हें सारें एकाच भट्टींत आणि केवळ मोड आणलेल्या जवापासून झालें म्हणजे तें सिंगल माल्ट. आपल्याकडे एका मळ्याच्या गुळाची चव दुसऱ्या मळ्याच्या गुळाहून निराळी काढून दाखविणारे लोक आहेत. तसेंच हें समजावें.

आतां अशा भट्ट्या बंद कां पडल्या? कारण अगदीं साधें आहे. मागणी वाढत राहील या समजुतीनें पुष्कळ माल करून ठेवला, मागणी उतरली, गोदामें तुडुंब भरलीं. १९८३ सालीं तेथील एका बड्या मंडळीनें आपल्या अनेक भट्ट्या एकदम बंद केल्या. त्यांत आयला बेटावरील पोर्ट एलन ही १८२५ च्या सुमाराची भट्टी होती आणि ईशान्य किनाऱ्यावरील ब्रोरा ही १८१९ सालची होती. फॉल्कर्क गांवची रोझबँक १९९३ सालीं बंद झाली. पुढें तिचीं तांब्याचीं भांडींसुद्धां चोरीस गेलीं. त्या वेळीं फारसें कोणी हळहळलें नाहीं. पोर्ट एलनचा बहुतेक अर्क दुसऱ्या मद्यांत मिसळण्यासाठींच जात असे. नांव घेऊन मागणारा गिऱ्हाईक विरळाच.

परंतु भट्टी बंद झाली तरी पिंपें गोदामांत तशींच राहिलीं, आणि खरी मौज येथून पुढें आहे. चूल विझली, कामगार पांगले, छपरें गळूं लागलीं, तरी पिंपांतला अर्क लाकडाशीं आपला व्यवहार करीतच होता. दहा वर्षें गेलीं, वीस गेलीं. कोणीं तरी तो बाटलींत भरला, चाखला, आणि लोकांच्या ध्यानांत आलें, कीं असें आतां पुन्हां मिळणें नाहीं. मग किंमती चढल्या. आज त्या बाटलीचें मोल लाखांत बोलतात. जिवंतपणीं ज्याची कदर झाली नाहीं त्याच्या पश्चात् त्याचे गोडवे गाणें हा मनुष्यस्वभाव केवळ आपल्याच मुलुखांत आहे असें नाहीं.

पिंपांतून दर वर्षीं कांहीं भाग हवेंत उडून जातो. तिकडे त्यास देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडच्या थंडींत हा वाटा शेंकडा दोनच्या आसपास असतो. बंगळूरच्या अमृत कंपनीनें आपलें सिंगल माल्ट २००४ सालीं थेट ग्लासगो शहरांत नेऊन विकावयास ठेवलें, आणि गोव्यांतील पॉल जॉनचें २०१२ सालीं निघालें. पण आपल्याकडील उष्णतेंत हाच वाटा कितीतरी पटींनीं वाढतो. चाळीस वर्षांची वाट पाहणें आपल्या हवेला परवडणारें नाहीं. शेवटीं हातांत रिकामें पिंपच उरावयाचें! बंद भट्टीचा माल चार दशकांनंतर चाखतां येतो, तो त्या थंड व दमट हवेच्या कृपेनें.

मला हा योग एका जुन्या विद्यार्थ्यामुळें आला. तो नोकरीनिमित्त तिकडे असतो. दिग्रसला आला तेव्हां औषधाच्या बाटलीएवढ्या नमुन्याच्या बाटलींतून दोन चमचे पोर्ट एलन घेऊन आला आणि म्हणाला, “गुरुजी, मी तुमच्या चौथींत होतों त्या वर्षीं ही भट्टी बंद पडली.” आपल्या राज्यांत असें मद्य घेण्यास सरकारी परवाना लागतो, हें पुष्कळांस ठाऊकच नसतें. मीं एका दिवसाचा परवाना आधीं काढविला. मास्तरकीची संवय, दुसरें काय!

त्यानें मला घाई करूं दिली नाहीं. प्रथम नुसता वास घ्यावयाचा, तोहि पेल्यांत नाक न खुपसतां. मला पहिल्यानें आला तो विझलेल्या चुलीच्या ओल्या राखेचा वास. त्यामागून दवाखान्यांतील आयोडिनचा. मग लिंबाच्या सालीचा, अगदीं पुसट. जिभेवर घेतां प्रथम तिखट, मग गोडसर आणि शेवटीं खारट लागलें. मी उभ्या जन्मांत दोनदांच समुद्र पाहिला आहे, तरी तें खारेपण मला ओळखूं आलें. पाण्याचे दोन थेंब टाकल्यावर धूर जरा मागें सरला व गोडी पुढें आली. धूर येतो तो तेथील पाणथळ जमिनींत वनस्पती कुजून बनलेल्या पीट नांवाच्या जळणाचा. तें जाळून जव वाळवितात. ब्रोरा तर मूळची इतकी धुरकट नव्हे. १९६९ पासून चार-पांच वर्षें आयलावर पाण्याची टंचाई झाली म्हणून तिच्याकडून मुद्दाम धुरकट माल करवून घेतला, आणि आज लोक शोधीत फिरतात तो नेमका त्याच वर्षांचा. दुष्काळानें दिलेली चव म्हणावी ती हीच.

दोन चमचे संपले. नंतर मात्र माझ्या मनांत जो विचार शिरला तो निघेना. आपल्याकडे भट्ट्या बंद पडल्या नाहींत काय? पडल्या, आणि शेंकड्यांनीं पडल्या. मग त्यांची चव कोठें आहे?

उरणचेंच उदाहरण घ्या. मुंबईच्या बंदरापलीकडील या गांवीं गेल्याच्या मागच्या शतकांत मोहाच्या दारूच्या पुष्कळ भट्ट्या होत्या. मालक बहुतेक पारशी. फुलें गुजराथेकडून गलबतांनीं यावयाचीं आणि दारू मुंबईस जावयाची. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें या धंद्यावर सरकारचा हात घट्ट बसला. १८९२ सालीं तर ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांपुरता मोहाच्या फुलांचाच एक निराळा कायदा झाला, आणि परवान्यावांचून फूल जवळ बाळगणेंहि गुन्हा ठरलें. झाडाखालीं पडलेलें फूल वेंचणारा गरीब मनुष्य एका रात्रींत अपराधी झाला. त्या उरणच्या भट्ट्या आज नाहींत, आणि त्यांच्या मालाचा एक थेंबहि कोठें शिल्लक नाहीं. कारण मोहाची दारू पिंपांत मुरवीत ठेवण्याची आपली रीतच नव्हे. आज काढावी, उद्यां-परवां संपवावी. पोर्ट एलनची चूल विझल्यावर तिची चव चाळीस वर्षें लाकडांत जगली. मोहाची चूल विझली कीं तिची चव त्याच आठवड्यांत जाते. ती उरते केवळ काढणाऱ्याच्या हातांत.

आमच्या भागाला मोह कांहीं नवा नाहीं. दिग्रसहून पुसदच्या डोंगराकडे निघालें कीं त्याचीं झाडें दिसूं लागतात. मी तरुणपणीं त्या बाजूच्या एका शाळेंत होतों. चैत्र लागला कीं हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढत. मुलें पहांटे टोपल्या घेऊन आई-बापांबरोबर झाडाखालीं जात, कारण मोहाचें फूल रात्रीं पिकतें आणि उजाडतां उजाडतां टपटप गळतें. उशीर केला तर गुरें व हरणें खाऊन टाकतात. प्रथम मी मुलांना रागें भरत असें; पुढें मींच शाळेची वेळ तासभर पुढें ढकलावी अशी वरिष्ठांस विनंती केली. हें मांसल, पिवळसर पांढरें फूल वाळल्यावर मनुकेसारखें दिसतें आणि वजनाचा निम्मा किंवा त्याहून अधिक भाग नुसती साखर असते. दुष्काळांत याच फुलांनीं माणसें जगविलीं आहेत. भाजून खातात, लाडू करतात, बैलाला चारतात. दारू हा त्याचा एक उपयोग झाला.

ती काढण्याची रीत स्कॉटलंडच्या रीतीची धाकटी बहीणच आहे. वाळलेलीं फुलें मडक्यांत पाण्यांत घालून कांहीं दिवस आंबवावयाचीं, उन्हाळ्यांत कमी, हिंवाळ्यांत जास्त. मग भांडें चुलीवर चढवून त्याची वाफ नळीवाटे थंड पाण्यांत ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यांत उतरवावयाची. पहिल्यानें येते ती सर्वांत कडक. ‘पहिल्या धारेची’ हा आपला शब्दप्रयोग येथलाच. जाळ मोठा झाला तर करपट वास येतो, लहान झाला तर धार तुटते. चरकसंहितेंत फुलांपासून होणाऱ्या आसवांच्या यादींत मधूक म्हणजे मोह आणि धातकी म्हणजे धायटी, दोन्हीं आहेत; कौटिल्यानें तर सुराध्यक्ष नांवाचा स्वतंत्र अधिकारीच सांगितला आहे. म्हणजे काढणारा आणि कर घेणारा, दोघेहि फार जुने.

आमच्याकडील गोंड व कोलाम लोकांत ही दारू देवापुढें जमिनीवर शिंपडल्यावांचून कोणी तोंडास लावीत नाहीं. जन्म, लग्न, मर्तिक, सर्वत्र तिचें स्थान ठरलेलें. एका पोडावर मला एक वृद्ध भेटे. ओढ्याकांठच्या मोहाची दारू मऊ उतरते आणि माळावरच्या मोहाची उग्र, असें तो सांगे. त्याचा हा भेद मीं त्या वेळीं हंसण्यावारीं नेला नाहीं, आणि पोर्ट एलन चाखल्यावर तर तो मला अधिकच खरा वाटूं लागला आहे.

आतां दुसरी बाजू. मध्यप्रांत-वऱ्हाडांत दारूबंदीचा कायदा १९३८ सालीं झाला, मुंबई इलाख्याचा १९४९ सालीं. तोच पुढें महाराष्ट्राचा झाला. शेजारचा वर्धा जिल्हा कित्येक वर्षें दारूबंदीचा आहे, गडचिरोलींत १९९३ पासून बंदी आहे, चंद्रपुरांत ती २०१५ सालीं आली व २०२१ सालीं उठली. या बंदीची मागणी करणाऱ्या बहुतांशीं बायका होत्या आणि त्यांचें गाऱ्हाणें खोटें नव्हतें. पगाराच्या दिवशीं बाप गुत्त्यांत गेला म्हणून वही न मिळालेलीं मुलें मीं वर्गांत पाहिलीं आहेत. चवीच्या गप्पा त्या बायांपुढें सांगण्याचें धैर्य मला होणार नाहीं.

पण बंदीनें बुडालें काय, हेंहि पाहावयास नको काय? मोहाची जागा ज्या हातभट्टीनें घेतली तिच्यांत काळा गूळ आणि नवसागर असतो. त्याहून वाईट म्हणजे कारखान्यांतील मिथिल अल्कोहोल मिसळण्याचा प्रकार. २०१५ सालीं मुंबईस मालवणी येथें अशा विषारी दारूनें शंभराहून अधिक माणसें मेलीं. फुलांपासून नीट काढलेल्या दारूंत हें विष अशा मात्रेंत येत नाहीं. व्यसन दोन्हींत आहे, हें मी मान्य करतों. परंतु एकींत कारागिरी होती आणि दुसरींत नुसता अंधार आहे.

गोव्यांत निराळें घडलें. तेथें काजूच्या बोंडांची भट्टी घरोघर चालूं राहिली. फेणीला २००९ सालीं भौगोलिक चिन्ह मिळालें, २०१६ सालीं वारशाचें पेय म्हणून मान मिळाला. मध्यप्रदेशांत अलिराजपूर व दिंडोरी येथें आदिवासी मंडळांकडून मोहाची दारू सरकारमान्य रीतीनें काढवूं लागले आहेत. आपल्या राज्यानें २०२१ सालीं मोहफुलें गोळा करण्यावरील निर्बंध सैल केले, आणि २०२२ च्या एप्रिलांत मंत्रिमंडळानें काजू व मोहफुलें यांपासून येथेंच होणाऱ्या मद्यास ‘विदेशी मद्य’ या वर्गांत घालण्याचें ठरविलें. पुसदच्या डोंगरांतील झाड, तेथलेंच फूल, तेथलेंच पाणी, आणि दारू मात्र विदेशी! कराच्या सोयीसाठीं असेल, पण व्याकरण शिकविणाऱ्याला हा शब्द पचावयाचा नाहीं.

स्कॉटलंडच्या त्या तिन्हीं भट्ट्या पुन्हां पेटल्या आहेत. ब्रोरा २०२१ सालीं, रोझबँक २०२३ सालीं, पोर्ट एलन २०२४ च्या मार्चांत. ब्रोराचीं जुनीं भांडीं डागडुजी करून तींच परत बसविलीं. पोर्ट एलनचीं नवीं भांडीं जुन्या आराखड्यांबरहुकूम घडविलीं. नवा अर्क जुन्यासारखा उतरला कीं नाहीं, हें पाहण्यास त्यांच्यापाशीं जुन्या बाटल्या आहेत. उद्यां आपल्याकडे कोणीं परवाना काढून मोहाची भट्टी लावली, तर ताडून पाहण्यास बाटली नाहीं, आराखडा नाहीं. ओढ्याकांठचें झाड व माळावरचें झाड यांतला भेद सांगणारा तो वृद्ध आतां हयात नाहीं. त्याचा मुलगा ट्रॅक्टर चालवितो. त्याला फूल केव्हां वेंचावें हें ठाऊक आहे, जाळ किती ठेवावा हें ठाऊक नाहीं. त्याची आई मात्र अजून आहे, आणि चूल तीच सांभाळीत असे, असें तो म्हणाला. येत्या चैत्रांत वही घेऊन तिच्याकडे जाण्याचें मीं ठरविलें आहे.