प्रलयाच्या जहाजात जागा कोणाला?



या व्याख्यानमालेत आमच्या आधी विद्वान मंडळी बोलून गेली. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत; पुढचे सारे मोफत वाचनालयात आणि कामगारांच्या सभांतून झाले. तेव्हा चित्रपटकलेवर आम्ही काही सांगावे अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. आम्हांला बोलायचे आहे ते प्रेक्षकांविषयी. युनियनच्या कामाने आम्हांला एक खोड लागली आहे. सभेत बसलो की वक्त्यापेक्षा ऐकणाऱ्यांच्या तोंडांकडे आमचे लक्ष अधिक. थिएटरातही ती खोड सुटत नाही.

१३ नोव्हेंबर २००९ रोजी, शुक्रवारी, ‘२०१२’ नावाचा हॉलिवूडचा बोलपट आपल्याकडे लागला. दिग्दर्शक रोलंड एमरिच. कथा थोडक्यात अशी: सूर्यावरून येणाऱ्या न्यूट्रिनो कणांनी पृथ्वीचा गाभा तापतो, कवच सरकते, शहरे गडप होतात आणि समुद्र हिमालयावरून वाहतो. मोठ्या राष्ट्रांच्या सरकारांना हे आधी कळलेले असते. ती लोकांना सांगत नाहीत. तिबेटात गुपचूप प्रचंड जहाजे बांधतात आणि जागा विकतात. एका जागेचा भाव एक अब्ज युरो.

यातील शास्त्र अर्थातच खोटे. न्यूट्रिनो आता या क्षणीही आपल्या अंगातून अब्जावधींच्या संख्येने जात आहेत आणि कोणाला साधा चटकाही बसत नाही. मात्र चित्रपटाचा आरंभ हिंदुस्थानातील एका खोल खाणीतल्या प्रयोगशाळेत होतो, ही कल्पना अगदीच हवेतली नव्हे. १९६५ साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंची नोंद केली होती. ती खाण २००१ साली बंद झाली. खाणकामगारांचे जग तेव्हा बुडाले. त्यावर कोणी बोलपट काढल्याचे आमच्या ऐकिवात नाही. असो.

आता प्रेक्षकांकडे वळू. लोक असले काही पाहून किंवा ऐकून भेदरतात, पळत सुटतात, अशी एक समजूत फार जुनी आहे. १९३८ साली ऑर्सन वेल्स यांनी मंगळावरच्या स्वारीचे नाटक रेडिओवर केले, तेव्हा अमेरिका रस्त्यावर आली असे आपण वाचत आलो. पुढे अभ्यासकांनी शोध घेतला, तेव्हा त्या गोंधळाला वर्तमानपत्रांनी भरपूर फुगवल्याचे दिसले. आपल्याकडे फेब्रुवारी १९६२ मध्ये अष्टग्रही झाली. ग्रह एका राशीत जमणार, जग बुडणार म्हणून ठिकठिकाणी यज्ञ झाले, तूप जळले. आमच्या वडिलांच्या पिढीतील गिरणी कामगार मात्र त्या दिवसांतही पाळीवर गेले. ग्रहांसाठी पगारी रजा नव्हती.

आम्ही हा बोलपट पाहिला तो दुसऱ्या आठवड्यात, बांद्र्याच्या एका थिएटरात. हिंदीत आवाज भरलेली प्रत होती. सोबत युनियनचे काही सफाई कामगार, दोन गोदी कामगार आणि या दांड्यातील एक तांडेल. ते दिवस ध्यानात घ्या. चित्रपट लागण्यापूर्वी अवघे दोन दिवस, ११ नोव्हेंबरला, फयान चक्रीवादळ अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्याला लागले होते. रत्नागिरी-सिंधुदुर्गकडील होड्या बुडाल्या होत्या आणि कित्येक खलाशांचा पत्ता लागत नव्हता. आमचा तांडेल वादळाच्या आदल्या रात्रीच जाळी ओढून परत फिरला होता, म्हणून आमच्या शेजारी खुर्चीवर होता.

पडद्यावर लॉस एंजेलिस समुद्रात कोसळू लागले आणि थिएटर हसू लागले. नायकाची लांबलचक मोटार पडत्या इमारतींच्या मधून सुखरूप सुटते. प्रत्येक सुटकेला शिट्टी. पुढे मोठमोठी देवळे, चर्च, पुतळे पडले, त्यालाही टाळ्या. एखाद्या सुशिक्षिताला यात निर्दयपणा दिसेल. आम्हांला तसे वाटले नाही. याच लोकांनी चार वर्षांपूर्वी, २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पाहिलेला. छातीएवढ्या पाण्यातून दोराला धरून ते घरी आलेले. कोणी घरी आलेच नाहीत. खऱ्या पाण्याला वास असतो, त्यात गटार असते, मेलेली म्हैस असते. पडद्यावरचे पाणी स्वच्छ निळे. त्याला भिण्याचे कारण त्यांना दिसेना.

हसू थांबले ते सतनामपाशी. सतनाम हा त्या खाणीतला भारतीय शास्त्रज्ञ. संकट सर्वांत आधी ओळखणारा तो. त्याला व त्याच्या बायकामुलाला नेण्यासाठी विमान येईल असे वचन मिळालेले. विमान येत नाही. समोरून लाट येते आहे आणि तो अमेरिकेतल्या मित्राला फोनवर एवढेच सांगतो. त्या वेळी थिएटरात कोणी शेंगाही फोडीत नव्हते. तांडेल आमच्या कानाशी लागून म्हणाला, “नाही येनार तं नाही येनार, पन कलवाचं तरी.”

यानंतर जहाजांचा भाग. तेन्झिन नावाचा एक तिबेटी कामगार आहे. ज्या जहाजाच्या बांधणीत त्याने घाम गाळला, त्यात त्याला जागा नाही. तो आपल्या म्हाताऱ्या माणसांना चोरवाटेने आत घेतो. त्या धांदलीत त्याचे हत्यार दरवाजाच्या यंत्रात अडकते, दरवाजा बंद होईना, आणि सगळे जहाज धोक्यात येते. कथाकाराची खुबी पाहा. अब्ज युरोला जागा विकणाऱ्यामुळे जहाज बुडायला आले असे नाही, तर बायकापोरे-म्हातारे घेऊन आत शिरलेल्या कामगारामुळे! कारखान्यात अपघात झाला की चौकशीचा कागद असाच लिहिलेला असतो. आमच्या सफाई कामगारांनी तो कागद लगेच ओळखला. तेन्झिनचा पाय यंत्रात सापडला तेव्हा मागच्या रांगेतून कोणी तरी ओरडले, “कंपनी भरपाई देईल काय?” थिएटर हसले, पण हे हसू आधीचे नव्हते.

शेवटी एक तरुण शास्त्रज्ञ राष्ट्रप्रमुखांपुढे माणुसकीचे भाषण करतो आणि बाहेर राहिलेल्यांसाठी दरवाजे उघडतात. भाषणाला टाळ्या पडल्या; आम्हीही वाजवल्या. सभेतल्या भाषणाला टाळी देणे आमच्या अंगवळणी आहे. बाहेर चहा घेताना गोदीतील एक सहकारी म्हणाला, “बाहेर उभे होते कोण? तिसरे जहाज मोडले म्हणून अडकलेले तिकीटवालेच ना!” त्याचे म्हणणे खरे होते. ज्यांनी पैसे भरले होते त्यांना आत घेतले, याला माणुसकी म्हणायचे की करार पाळणे, यावर तिथे अर्धा तास वाद झाला. दुसऱ्या दिवशी दांड्यात बोंबील वाळत घालणाऱ्या एका म्हातारीला तांडेलाने सारी कथा सांगितली. श्रीमंत, राजे, पुढारी जहाजात बसले हे ऐकून तिने विचारले, “आनि जहाज चालवाला कोन?”

अमेरिकेत काय घडत होते? या बोलपटाच्या जाहिरातीसाठी कंपनीने एका बनावट संस्थेचे संकेतस्थळ काढले. त्यावर वाचण्यासाठी सोडतीत नाव नोंदवता येई. अनेकांना ते खरे वाटले. ‘नासा’ला खुलासा प्रसिद्ध करावा लागला की २०१२ साली पृथ्वी बुडणार नाही. तेथील डेव्हिड मॉरिसन या शास्त्रज्ञांना हजारो पत्रे आली. काही मुलांनी तर त्या दिवसाआधी जीव द्यावा काय असे विचारले होते. हे ऐकून आम्हांला हसू येत नाही. त्या मुलांना कोणीतरी उत्तर दिले, हे फार चांगले झाले. २१ डिसेंबर २०१२ उजाडला, तो शुक्रवार होता. मासळीच्या खपाचा वार.

आमच्या मते दोन्हीकडचे प्रेक्षक एकच प्रश्न विचारीत होते: ज्यांना आधी कळते ते आम्हांला सांगतील काय? तिथल्या मुलाने तो शास्त्रज्ञाला विचारला, इथल्या तांडेलाने आमच्या कानात. आज हवामान खात्याचा इशारा पूर्वीपेक्षा लवकर मिळतो, भ्रमणध्वनीवर येतो, ही मोठीच प्रगती आहे. पण इशारा मिळाल्यावर काय? डिझेल भरलेले, बर्फ भरलेला, चार-सहा दिवसांची शिदोरी घेतलेली. अर्ध्यातून परत फिरायचे म्हणजे तो सारा खर्च पाण्यात आणि हिश्श्यावर काम करणाऱ्या खलाशाच्या हाती भोपळा. मग तांडेल आकाशाकडे पाहतो, जाळ्याकडे पाहतो, आणि म्हणतो, अजून एक ओढ काढू. त्या एका ओढीत माणसे जातात. त्याला अडाणी म्हणणे सोपे आहे. इशारा फुकट मिळतो, पण तो पाळायला पैसे पडतात आणि ते ज्याच्यापाशी सर्वांत कमी आहेत त्याच्याच खिशातून जातात.

म्हणून आमची एक सूचना आहे. इशाऱ्यामुळे फेरी मोडली तर खलाशाला त्या दिवसांची किमान मजुरी मिळावी. काही भार सरकारने उचलावा, काही होडीमालकांनी एकत्र निधी काढून. फेरी मोडल्याची नोंद बंदरावर कशी व्हावी, खोटी नोंद कशी टाळावी, परप्रांतातून आलेल्या खलाशाचे नाव त्यात कोणी घालावे, या अडचणी आहेत आणि आम्हांला त्या सर्व सुटल्या आहेत असे नाही. नाखवा मंडळी पुढच्या दोन रांगांत बसली आहेत, खलाशी मागे भिंतीशी उभे आहेत. व्याख्यानानंतर प्रश्नांसाठी अर्धा तास ठेवला आहे असे अध्यक्षांनी सांगितले. तो अर्धा तास आम्हांला प्रश्न विचारण्यात घालवू नये, तुम्ही एकमेकांशी बोलावे. आम्ही टिपून घेऊ.