तोफगोळ्याचं गिऱ्हाईक एकच
(बुलढाणा जिल्ह्यातील महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात मलकापूर येथे केलेले भाषण)



संरक्षण खात्याची खरेदी हा विषय बायांच्या शिबिरात कशाला, असं मघाशी चहाच्या वेळी दोघींनी विचारलं. विमानं, पाणबुड्या, दलाली एवढंच आपल्या कानावर येतं. पण इथून भुसावळच्या गाडीत बसलं की वाटेत वरणगाव लागतं. तिथे बंदुकीची काडतुसं बनतात. १९६२ च्या चीन युद्धानंतर उभा राहिलेला तो सरकारी कारखाना, म्हणजे आयुध निर्माणी. भुसावळला दुसरी. महाराष्ट्रात अशा दहा आहेत. या भागातल्या कितीतरी घरांची चूल त्यांवर पेटली.

तुमच्यातल्या थोरल्या बायांना कापसाची एकाधिकार खरेदी आठवत असेल. १९७२ साली सुरू झाली. गिऱ्हाईक एक, सरकार. भाव तेच ठरवणार, प्रतवारी तेच ठरवणार, आणि खामगावच्या जिनिंगमधल्या बाईच्या मजुरीपर्यंत त्याचा धक्का पोचणार. दारूगोळ्याचं तसंच आहे, फक्त जास्त कडक. कापूस परवडला नाही तर ज्वारी पेरता येते. काडतुसाच्या कारखान्याने काय पेरायचं? सरकार कसं विकत घेतं, यावरच तो जगतो.

बरीच वर्षं पद्धत अशी होती की सैन्याची मागणी निविदा न काढता थेट या कारखान्यांकडे जायची. खर्च येईल त्यावर किंमत लागायची. म्हणून कायम नोकरी, क्वार्टर, दवाखाना, पेन्शन. बाई आत शिरायची ती बहुधा नवरा गेल्यावर, अनुकंपा तत्त्वावर. तरी शिरायची, आणि पगार पुरुषाइतकाच घ्यायची. माल महाग पडतो, दर्जा घसरतो, अशी सैन्याची तक्रार होती आणि महालेखापरीक्षकांनीही ताशेरे ओढले होते. युनियनवाल्यांना हे ऐकायला आवडत नाही, पण त्या तक्रारी हवेतल्या नव्हत्या.

मग खरेदीची रीत बदलली. ऑगस्ट २०२० मध्ये परदेशातून घ्यायच्या नाहीत अशा १०१ वस्तूंची यादी निघाली आणि देशातल्या खासगी कंपन्यांना मोठं दार उघडलं. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला नागपूरच्या एका खासगी कंपनीशी १० लाख हातगोळ्यांचा करार झाला, ४०९ कोटींचा. म्हणजे नगामागे ४,०९० रुपये. नवा हातगोळा हवाच होता, जुना नमुना पहिल्या महायुद्धाच्या काळातला. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ बरखास्त झालं. ४१ कारखान्यांच्या ७ सरकारी कंपन्या झाल्या. वरणगाव म्युनिशन्स इंडियात गेलं, भुसावळ यंत्र इंडियात. सुमारे ७० हजार कर्मचारी होते. त्यांनी संप पुकारताच सरकारने संपबंदीचा अध्यादेश काढला.

आता या सरकारी कंपन्यांनाही ऑर्डर मिळवावी लागते. निविदेत कमी दराला मान. दर कुठून कमी होणार? पोलाद आणि रसायनं घासाघीस करून फार स्वस्त होत नाहीत. माणूस होतो. भंडारा आणि चांदा इथल्या निर्माणींनी ‘डेंजर बिल्डिंग वर्कर’ या कामासाठी मुदतीच्या करारावर भरतीच्या जाहिराती काढल्या. नावातच धोका आहे, आणि नोकरी मुदतीची! २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या निर्माणीत स्फोट झाला, त्या दिवशीच आठ जण गेले.

खासगीत बाई दिसते ती पॅकिंगला. १७ डिसेंबर २०२३ ला नागपूरजवळ बाजारगावला एका स्फोटकांच्या कारखान्यात नऊ जण मेले, त्यात सहा बाया. पॅकिंगचं काम चालू होतं. ते बूस्टर खाणीत वापरायचे, सैन्याचे नव्हेत. पण बाई तीच आणि टेबलही तसंच. सैन्याच्या ऑर्डरी वाढतील तशी तिच्यासारख्यांची संख्याही वाढणार.

मी युद्धाची तरफदारी करत नाही. आपल्यातल्या काहींना शस्त्रांचे कारखानेच नको वाटतात, मलाही पुष्कळदा वाटतं. पण ते बंद होईपर्यंत आत बसलेल्या बाईचं काय? गिऱ्हाईक सरकार आहे, म्हणजे अट घालायची ताकदही त्याच्याकडेच आहे. काडतूस किती अंतरावर काय भेदेल, हे करारात बारकाईने लिहितात. मग धोक्याच्या इमारतीत कायम कामगारच असावा, बाईला पुरुषाइतकंच वेतन आणि तेच प्रशिक्षण मिळावं, अपघाताची चौकशी जाहीर व्हावी, हेही लिहा म्हणावं.

म्युनिशन्स इंडिया सरकारी आहे, तिला माहितीचा अधिकार लागू आहे. खासगी कंपनीला तसा अर्ज करता येत नाही. तिच्याबद्दल राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे विचारायचं. किती बाया, त्यातल्या कंत्राटी किती, शेवटची तपासणी कधी झाली, एवढे तीनच प्रश्न. जेवणानंतर मसुदा करायला बसू. वरणगावला जाऊन कामगारांच्या घरच्या बायांशी बोलायला तिघी-चौघी लागतील, त्यांनी नावं द्यावीत.