तळ्याकाठची अंतिम फेरी

मासे धरणे हा कोळ्यांचा व्यवसाय, मासे विकणे हा बाजाराचा व्यवहार आणि मासे खाणे हा आपल्यापैकी पुष्कळांचा आनंद. परंतु दिवसभर खपून मासे धरावेत, त्यांचे वजन करावे आणि ते सगळेच्या सगळे पुन्हा पाण्यात सोडून रिकाम्या हाताने घरी यावे, याला काय म्हणावे? इंग्लंडात याला स्पर्धा म्हणतात. अशा एका स्पर्धेच्या अंतिम फेरीत बसण्याचा योग मला आला होता. त्या दिवसाविषयी आज चार शब्द सांगणार आहे.

गळाचा छंद आपल्याला परका नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये मत्स्यविनोदालाही स्थान दिले. माशांचे प्रकार, त्यांना घालावयाचे खाद्य, गळ आणि दोरी यांचा तेथे शिस्तीने विचार केला आहे. माझे बालपण कृष्णाकाठी गेले. बांबूची काठी, बोरूच्या तुकड्याचा तरंडा आणि कणकेची गोळी एवढ्या भांडवलावर मी अनेक सुट्ट्या घालवल्या. पुढे सरकारी नोकरीत असताना वर्षभराच्या अभ्यासक्रमासाठी इंग्लंडच्या मध्यभागातील एका गावी राहावे लागले, तेव्हा हा जुना छंद तेथील मत्स्यक्लबाच्या दारात मला घेऊन गेला. प्रथम गळाचा सरकारी परवाना काढला. तो तेथे तेरा वर्षांवरील प्रत्येकाला लागतो. मग उन्हाळाभर सामने खेळलो आणि गुणांच्या बेरजेने अखेरच्या अठरा जणांत येऊन बसलो.

आमचा मासा होता कार्प. आपल्या रोहू-कटल्याच्याच गोत्रातला. तो मूळचा इंग्लंडचा नव्हे. 1496 साली छापल्या गेलेल्या गळाविषयीच्या एका इंग्रजी प्रबंधात तो त्या देशात फार थोडा असल्याची नोंद आहे. पुढे मात्र त्याने तेथील तळी काबीज केली. 1952 साली रिचर्ड वॉकर यांनी रेडमायर तळ्यात धरलेला 44 पौंडांचा कार्प लंडनच्या प्राणिसंग्रहालयात नेऊन ठेवला होता, आणि त्याचे नाव तेथील मंडळी आजही आदराने घेतात. आपल्याकडे हा परदेशी कार्प 1939 साली श्रीलंकेतून निलगिरीत आला. महाराष्ट्राच्या बाजारात त्याला ‘सायप्रिनस’ म्हणतात.

या खेळाची सुरुवात सोडतीने होते. काठावर क्रमांकांचे खुंट ठोकलेले असतात. इंग्रजीत त्यांना ‘पेग’ म्हणतात. हा शब्द आपल्याकडे वेगळ्याच संदर्भात परिचित आहे! पिशवीत हात घालून निघेल त्या क्रमांकाच्या खुंटापाशी बसायचे. कुरकुर करायची नाही. जागेवर पुष्कळ काही अवलंबून असते. उबदार वारा ज्या काठाकडे वाहतो त्या काठाला कार्प बहुधा जमतात. मला अकरावा क्रमांक मिळाला. वारा पाठीमागून, म्हणजे मासे समोरच्या काठाला. डाव्या हाताला बाराव्या खुंटावर क्लबचे एक वृद्ध सभासद होते. पूर्वी कोळशाच्या खाणीत काम केलेले, मितभाषी गृहस्थ. तीस वर्षे ते या क्लबात होते आणि अंतिम फेरीत पहिल्या तिघांत त्यांचे नाव एकदाही लागले नव्हते. ते मला कोणीतरी सकाळीच कुजबुजत सांगितले होते. कुजबुजत अशासाठी की कार्पची श्रवणशक्ती तीक्ष्ण असते. त्याच्या वाताशयाचे आंतरकर्णाशी बारीक हाडांनी नाते जोडलेले असते, आणि काठावर आपटलेला पायही त्याला कळतो.

दहा वाजता शिटी झाली आणि ‘ऑल इन’ असा पुकारा झाला. अठरा गळ एकदम पाण्यात पडले. हातातली काठी तेरा मीटर लांब. तिच्या पोकळीत रबराचा ताणता दोर असतो, तो माशाचा हिसका सोसतो. गळाला उलटा काटा नसतो, म्हणजे तो माशाच्या ओठातून अलगद निघतो. पहिल्या दोन तासांत खाद्याच्या गोळ्यांवर मला लहान मासे तेवढे लागले. तिसरा तास कोरडा गेला. चौथ्या तासाला मी दूरचे पाणी सोडून पायाजवळच्या लव्हाळ्यांच्या कडेला मक्याचे दाणे मूठ-मूठ टाकू लागलो, कारण दिवस कलला म्हणजे मोठे कार्प धीर करून काठालगत येतात. ते आले. पाण्यात धुरळा उठला, लव्हाळे हलले, तरंडा दिसेनासा झाला, आणि पुढचा तासभर मला हातजाळी खाली ठेवायला सवड मिळाली नाही. शेजारी वृद्ध गृहस्थांचीही तीच गत होती; माझ्या एका माशाला त्यांचे दोन असा हिशेब चालला होता.

तीन वाजता पुकारा झाला, ‘ऑल आउट’. क्रिकेटवर वाढलेल्या माझ्या कानांना तो जरा अशुभ वाटला!

आता वजने. प्रत्येकाला धरलेले मासे ठेवण्यासाठी पाण्यात दोन लांब जाळ्या दिलेल्या असतात. क्लबचा नियम असा की एका जाळीत 50 पौंडांहून अधिक वजन भरले तर 50 पौंडच धरायचे. वरचे सोडून द्यायचे. किती झाले याचा अंदाज प्रत्येकाने मनातल्या मनात ठेवायचा. एका तरुणाचे दोन्ही जाळ्या मिळून 97 पौंड भरले. तो पहिला, यात वाद नव्हता. माझे 46 आणि 37, म्हणजे 83. मग काटा बाराव्या खुंटापाशी गेला. पहिली जाळी 31. दुसरी काट्याला लावली आणि काटा 54 वर थांबला. एकूण 85! क्षणभर सर्व स्तब्ध. वजन करणाऱ्याने मान खाली घातली आणि वहीत 50 लिहिले. बेरीज 81. वृद्ध गृहस्थ दुसऱ्याचे तिसरे झाले आणि मी तिसऱ्याचा दुसरा.

श्रोतेहो, नियम लावणे हा माझा पोटापाण्याचा धंदा. मुदतीनंतर एका दिवसाने आलेला अर्ज, मर्यादेहून थोडे अधिक उत्पन्न, अशी प्रकरणे माझ्या टेबलावरून रोज जातात, आणि कलमाचा आकडा घालून मी ती परत पाठवतो. नियमाचा फायदा मात्र स्वतःच्या पदरात असा समोरासमोर कधी पडला नव्हता. त्यांनी माझ्याहून दोन पौंड अधिक धरले होते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. मी त्यांच्याजवळ जाऊन म्हणालो, “दुसरा क्रमांक आपला आहे. मी तसे कार्यवाहांना सांगतो.”

ते जाळी हळूहळू पाण्यात रिकामी करत होते. मान वर न करता म्हणाले, “तसे करू नका. पूर्वी हा नियम नव्हता. उन्हाळ्यात एकाच जाळीत मासे कोंबले जात. तळाचे मासे दबत, त्यांचे खवले निघत, पुढच्या आठवड्यात काही पोट वर करून तरंगत. नियम केला त्या सभेत मीही हात वर केला होता. आज त्याचा भार माझ्यावर पडला म्हणून मासे काही कमी दबणार नाहीत.”

एवढे बोलून त्यांनी शेवटचा कार्प दोन्ही हातांनी पाण्यात धरला, तो शेपूट हलवीपर्यंत थांबले आणि मग हात सैल केले.

बक्षिसाचे पाकीट मी घेतले. न घेणे हा त्यांचा अपमान ठरला असता.

तो नियम त्यांना जाचला नाही असे मी म्हणणार नाही. तीस वर्षांनंतर मिळत असलेला दुसरा क्रमांक गेला, याचे दुःख त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होते. परंतु तो कशासाठी आहे हे त्यांना ठाऊक होते, आणि म्हणून त्यांच्या दुःखात कडवटपणा नव्हता. आपल्याकडे दाराशी येणाऱ्या माणसाला आपण कलमाचा आकडा सांगतो. त्या कलमामागचा मासा त्याला कधी दाखवत नाही. मग त्याला तो निव्वळ अडवणुकीचा बहाणा वाटला, तर दोष त्याला कसा द्यावा? मायदेशी परतल्यापासून मी एक लहानशी प्रथा पाळतो. नकाराच्या प्रत्येक पत्रात, कलमाच्या आकड्याखाली, ते कलम कोणाच्या रक्षणासाठी आहे हे एका साध्या वाक्यात लिहितो. आणि ज्या कलमाखाली असे वाक्य सुचत नाही, ते बदलावे म्हणून वर टिपण पाठवतो.