बटाट्यातील संशोधन आणि अकरावीचे विषय

इंदूरच्या कमला भागवत, म्हणजेच पुढे डॉ. कमला सोहोनी, मुंबई विद्यापीठात पहिल्या येऊनही १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत; वर्षभराच्या परीक्षेच्या अटीवर राहिल्या. त्यांचे काम पाहून रामन यांनीच पुढे मुलींना दार उघडले. १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळाली, तीही बटाट्यापासून सुरू झालेल्या संशोधनावर!

आज जबलपुरातच वैद्यकीय महाविद्यालय आहे, आदिवासी आरोग्याची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. घमापूरच्या मुलीचे अडते ते बहुधा घरातच. अकरावीचे विषय ठरविताना पालकांनी तिलाही शेजारी बसवून घ्यावे.