गावची नदी आणि गावची वर्गणी

श्रोतेहो, आपल्या गावच्या यात्रेची पट्टी कशी गोळा होते, ते जरा आठवा. पंच घरोघर जातात, वहीत नाव लिहितात. ज्याला पैसा जमत नाही तो पायलीभर ज्वारी घालतो. यात्रा उरकली की हिशेब देवळात वाचून दाखवतात. हे सारे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. मग नदीसाठी पट्टी म्हटली की आपण तालुक्याच्या कचेरीकडे का बघतो?

नदी म्हणजे नुसते गावाजवळचे पात्र नव्हे. ज्या डोंगरउतारांचे, माळांचे नि शेतांचे पाणी ओघळींतून तिला मिळते, तो सारा प्रदेश म्हणजे तिचे पाणलोट क्षेत्र. उतार उघडा पडला की पाऊस माती घेऊन धावतो. वर जमीन खरवडली जाते, खाली पात्रात गाळ भरतो आणि उन्हाळा लागण्याआधीच विहिरी तळ दाखवतात. माथ्यापासून सुरुवात करून समपातळीत चर खणावेत, ओघळींत दगडी बांध घालावेत, गवत वाढू द्यावे, हे आता कोणाला नवीन नाही. गाडे अडते ते पैशापाशी. त्याहूनही अधिक अडते ते पहिला रुपया कोणी टाकायचा, यापाशी.

माझ्याच गावची गोष्ट सांगतो. माझ्या लहानपणी ओढ्यावर एक बंधारा झाला. पैसा सगळा बाहेरून आला. गावाने फक्त नारळ फोडला. काही वर्षांनी बंधाऱ्याच्या एका कडेची माती खचली. दहा माणसांचे दोन दिवसांचे काम! पण जो तो म्हणे, “बंधारा सरकारचा, सरकार बघेल.” पुढच्या पावसात भगदाड पडले आणि बंधारा गेला. आमच्या घरचेही कोणी फावडे घेऊन गेले नव्हते, हे आज कबूल करतो. ज्यात आपला रुपया नाही, त्यात आपला जीवही गुंतत नाही.

याउलट पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात काय घडले, ते पाहा. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या अभियंत्याने नायगावी देवस्थानची चाळीस एकर उजाड जमीन कसायला घेतली. उतारावर बांध घातले, खाली पाणी अडवले आणि त्याच जमिनीत पीक काढून दाखवले. त्यातून पाणी पंचायतीची चळवळ उभी राहिली. तिच्या पाणी योजनांचा पैशाचा हिशेब ध्यानात ठेवण्याजोगा आहे. शंभर रुपये खर्च असेल, तर वीस शेतकऱ्यांनी आपल्या खिशातून भरायचे, पन्नास सरकारी अनुदानाचे आणि उरलेले तीस साळुंखे यांच्या ग्राम गौरव प्रतिष्ठानने बिनव्याजी कर्जाऊ द्यायचे. पाण्याची वाटणी जमिनीवर नव्हे, तर माणसांवर. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला फार तर अडीच एकर. ज्याला जमीन नाही, त्याचाही पाण्यावर हक्क. आणि ऊस लावायचा नाही!

भूमिहीनाला वाटा कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर मला एका मेंढपाळाने दिले. आमच्या गावी चराईबंदीची सभा भरली होती. मी मोठ्या तावातावाने बोललो. म्हातारा उठला आणि म्हणाला, “गुरुजी, डोंगर बंद केला तर माझी शेरडं खातील काय? आणि पाणी तर मुरून तुमच्याच विहिरीला येणार!” मला उत्तर सुचेना, कारण आमची विहीर खरोखरच पायथ्याशी आहे. वर्गणीच्या वहीत त्याचे नाव नव्हते. पण सर्वांत मोठी वर्गणी त्याच्याकडूनच मागितली जात होती.

तेव्हा मंडळी, पट्टी बसवताना ती घरटी सारखी बसवू नका. ज्याच्या विहिरीला पाणी वाढेल, त्याने अधिक द्यावे. ज्याचे रान बंद होईल, त्याला कापलेल्या गवताचा पहिला भारा आणि बांधाच्या कामावर पहिली मजुरी मिळावी. जर्मनीच्या साहाय्याने नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात जी पाणलोटाची कामे झाली, त्यांतही गावाने आधी श्रमदान करावे अशी अट होती. मात्र भूमिहीनांना त्यातून सूट होती. तो न्याय आपणही पाळावा.

दुसरे असे, की जमलेल्या पैशातला काही भाग दुरुस्तीसाठी वेगळा ठेवा. चर गाळाने भरतात, दगड निसटतात. त्या दिवशी अर्ज लिहीत बसण्यापेक्षा पेटीत चार पैसे असलेले बरे.

आणि शिक्षक बंधुभगिनींनो, हिशेब शाळेच्या फळ्यावर लिहा. मुलांकडून दर महिन्याला दोराने विहिरींचे पाणी मोजून घ्या आणि तोही आकडा शेजारी मांडा. पैसा कुठे गेला आणि पाणी किती आले, हे गावाला एकाच फळ्यावर दिसू द्या.

सरकारी अनुदान मागू नये, असे मी म्हणत नाही. तो आपला हक्क आहे. पण आपले वीस रुपये हातात असले, की पन्नास मागताना मान वर राहते. आणि बांध खचला, तर फावडे शोधायला वेळ लागत नाही. गाव करील ते राव काय करील, असे आपणच म्हणत आलो आहोत. यंदा यात्रेच्या पट्टीची वही निघेल, तेव्हा तिचे एक पान नदीच्या नावाने काढा. आणि पहिले नाव पायथ्याच्या विहीरवाल्याचे लिहा.