नवागताचा अधिकार: शीख पंथातील पहिली पावले
(वसंत ऋतूतील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



चालकांनी पत्रिकेवर माझा विषय ‘शीख धर्माची तत्त्वे’ असा छापला आहे. त्यास यथायोग्य न्याय द्यावयाचा, तर १४६९ मधील गुरू नानकांच्या जन्मापासून १७०८ मध्ये नांदेड येथे, आपल्याच गोदावरीच्या तीरी, दशम गुरू गोविंदसिंगांनी ग्रंथसाहिब या धर्मग्रंथास गुरुपद दिले तोपर्यंतचा वृत्तांत मला क्रमाने निवेदन करावा लागेल. परंतु हा इतिहास येथील श्रोत्यांस चांगला अवगत आहे. म्हणून मी त्याला दुरूनच वंदन करतो आणि ज्या एका प्रश्नाने मला अनेक वर्षे व्यापून टाकले आहे तोच आज आपणापुढे मांडतो. शीख कुळात न जन्मलेला मनुष्य, कोणाच्या आग्रहावाचून, केवळ अंतःकरणाच्या ओढीने गुरुद्वाराच्या पायरीशी येऊन उभा राहतो, तेव्हा तो पंथ त्यास कोणत्या नात्याने ओळखतो?

माझे मत प्रारंभीच सांगून टाकतो, कारण ते मला लपवता येणारे नाही. शीख पंथात नवागत हा पाहुणा नाही, आणि दाराशी अर्ज घेऊन तिष्ठणारा उमेदवारही नाही. ज्या उंबरठ्यावर तो आज उभा आहे, त्याच उंबरठ्यावरून शिखांच्या घरात जन्मलेल्यालाही खालशात, म्हणजे अमृताची दीक्षा घेतलेल्या शिखांच्या समाजात, प्रवेश करावा लागतो. इतकेच नव्हे, तर ज्यांनी तो उंबरठा घातला त्या गुरू गोविंदसिंगांनीही तो स्वतः ओलांडला. नवागताचा अधिकार हा पंथाने कालांतराने दाखवलेला उदारपणा नसून खालशाच्या स्थापनेतच तो मुळापासून गुंफलेला आहे, हे मला आज सिद्ध करावयाचे आहे.

प्रथम पहिली पावले पाहू. गुरुद्वारात जाणाऱ्याने पादत्राणे बाहेर ठेवावीत, हातपाय धुवावेत, मस्तक वस्त्राने झाकावे, आणि आपल्याकडील गृहस्थाने विशेषेकरून खिशातली तंबाखूची चंची बाहेर काढून ठेवावी, कारण तंबाखू तेथे सर्वथैव निषिद्ध आहे. (हशा) ग्रंथसाहिबापुढे मस्तक टेकवून तो सर्वांबरोबर जमिनीवर बसतो, मग तो जिल्ह्याचा कलेक्टर असो की हमाल असो. या न्यायाने पाहता पुढे सतरंजीवर बसलेल्या मंडळींची पहिली पायरी केव्हाच पार पडली आहे; खुर्च्यांवरील मंडळींना मात्र अजून थोडी वाट चालावी लागेल. (हशा, टाळ्या) नंतर समभाग कणीक, तूप आणि साखर यांचा केलेला कडाहप्रसाद ओंजळीत मिळतो, आणि तेथून पावले लंगरकडे, म्हणजे सर्वांस खुल्या असलेल्या सामुदायिक भोजनाकडे, वळतात. तिसरे गुरू अमरदास यांच्या गोइंदवाल येथील दरबारात असा दंडकच होता, की गुरूंचे दर्शन हवे असेल त्याने आधी पंगतीत बसून जेवावे. आणि खुद्द अकबर बादशहाही त्या पंगतीत बसला असे परंपरा सांगते. प्रथम पंगत, मग संगत, हा त्या व्यवस्थेचा क्रम होता, आणि तो उलट नव्हता याकडे मी आपले लक्ष वेधतो. आधी मत जुळो, श्रद्धेची परीक्षा होवो, कुळाचा दाखला मिळो आणि मग अन्न, अशी अट तेथे नाही.

याही पुढची गोष्ट अशी, की जो दोनचार वेळा पंगतीत बसला त्याच्या हाती बहुधा कोणी न विचारताच वरणाची बादली किंवा रोट्यांची टोपली येते. रोटीस तेथे परशादा म्हणतात, आणि घेणाऱ्याने ती दोन्ही हात पसरून घ्यावयाची असते. काल ज्याने हात पसरले तो आज वाढू लागतो, भांडी घासू लागतो, जोडाघरात इतरांची पादत्राणे सांभाळू लागतो. आणि हे सर्व घडत असता तो शीख झाला की नाही याची चौकशी कोणीही करीत नाही. जेथे सेवा आधी मिळते आणि दीक्षा पुढे केव्हातरी, स्वतःच्या मुदतीने, तेथे परका कोण आणि घरचा कोण हा भेद टिकावा तरी कसा?

येथे एका पुरुषाचे चरित्र मला सांगितलेच पाहिजे. ते थोडक्यात सांगण्याचा माझा संकल्प होता. परंतु हे चरित्र बोटभर सांगू गेले तर हातभर होते. लुधियाना जिल्ह्यातील राजेवाल गावी १९०४ साली एका हिंदू कुटुंबात रामजीदास नावाचा मुलगा जन्मास आला. त्याची माता मेहताबकौर हिने वाटेवरचे दगड बाजूस सारावेत, झाडे लावावीत, मुक्या जनावरांस पाणी पाजावे, असे संस्कार त्याच्यावर लहानपणीच केले. पुढे घरची सुबत्ता गेली, मातेने परक्या घरची भांडी घासून त्यास शिकविले, तरीही मॅट्रिकची परीक्षा त्यास साधली नाही. आपल्या तरुणपणाची एक आठवण तो उत्तरायुष्यात सांगत असे. पायी प्रवासात तो एका देवळात मुक्कामास राहिला असता तेथील पुजाऱ्यांनी त्याजकडून साफसफाईचे काम करून घेतले, आणि काम संपताच ते त्याच्यासमोरच जेवावयास बसले. त्यास मात्र कोणी घासभर अन्न विचारले नाही. पुढे रेरू साहिब नावाच्या गुरुद्वारात तो उतरला, तेव्हा कोणतेही काम न सांगता, जात-गोत न पुसता, त्यास डाळ, रोटी आणि दूध देऊन निजावयास खाट दिली गेली. धर्मग्रंथाचे एक पानही अद्याप न उलटलेल्या त्या मुलाने त्या रात्री आपल्या आयुष्याची दिशा ओळखली.

तो लाहोरला गेला, आणि जेथे पाचव्या गुरूंचे, अर्जुनदेवांचे, बलिदान झाले त्या डेरा साहिब गुरुद्वारात बिनपगारी सेवा करू लागला. भांडी घासावीत, निराधार रुग्णांस इस्पितळात पोहोचवावे, बेवारशी मृतांचे अंत्यसंस्कार करावेत, असा त्याचा नित्यक्रम झाला. रामजीदासाचा पूरणसिंग झाला तो या सेवेतून. १९३४ साली त्या गुरुद्वाराच्या दाराशी कोणीतरी एक अपंग, मूक बालक टाकून गेले. त्याचे नाव प्यारासिंग ठेवण्यात आले, आणि त्यास सांभाळणारे दुसरे कोणी नसल्यामुळे पूरणसिंगांनी त्यास आपल्या पाठीवर घेतले. घेतले ते किती दिवस? चौदा वर्षे! १९४७ साली देशाची फाळणी होऊन लाहोर सुटले, तेव्हा लक्षावधी लोक आपापले किडुकमिडुक डोक्यावर घेऊन सरहद्द ओलांडीत होते. पूरणसिंगांनी ती ओलांडली तेव्हा त्यांच्या पाठीवर हे पोर होते. अमृतसरच्या निर्वासितांच्या छावणीत रोगी, वेडे, अनाथ यांची शुश्रूषा करता करता जी संस्था उभी राहिली, तीच आजचे पिंगलवाडा. सरकारने १९७९ मध्ये त्यांस पद्मश्री दिली, आणि १९८४ मध्ये सुवर्णमंदिरावर झालेल्या लष्करी कारवाईने व्यथित होऊन त्यांनी ती परत केली. १९९२ मध्ये ते निवर्तले. पंजाबात आज त्यांस भगत पूरणसिंग म्हणतात. आणि ते मूळचे कोणत्या घरचे, हे तेथील पुष्कळांना सांगितल्यावाचून आठवतही नाही. (टाळ्या)

एका सद्गृहस्थांकडून आताच चिठ्ठी आली आहे. वक्ते देवळांची अवहेलना करीत आहेत असा तीत आक्षेप आहे, आणि त्याच्या तळाशी असलेल्या वेदनेचा मी आदर करतो. मी स्वतः वारकरी कुळातला आहे. दिंडीस भाकरी-पिठले घालून हात जोडणारी गावे मी पाहिली आहेत, आणि अन्नदानाचे पुण्य एका पंथाच्या मिरासीत जमा आहे असे मी कदापि म्हणणार नाही. परंतु ज्या पंढरीस आपण माहेर म्हणतो, तेथील विठ्ठलाचे दार सर्वांस खुले व्हावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना आपले प्राण पणास लावावे लागले, हेही आपणच जगलेले सत्य आहे. ते आठवावे, एवढीच माझी प्रार्थना आहे.

त्याच चिठ्ठीत नामदेवांस शीख ठरविण्याचा हा घाट आहे काय, असेही विचारले आहे. नामदेव आपले आहेतच. परंतु त्यांची ६१ पदे ग्रंथसाहिबात आहेत, त्यांपुढे प्रत्यही लक्षावधी मस्तके नमतात, आणि गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांचे स्थान आजही जागते आहे, यात आपले काय उणे झाले? उलट आपल्यापैकी कोणी नवागत होऊन गेला आणि गुरुमुखीची ३५ अक्षरे गिरवून ग्रंथसाहिबाच्या १४३० पृष्ठांपुढे बसला, तर आपल्याच एका संताने तेथे त्याच्यासाठी आधीच जागा धरून ठेवलेली त्यास आढळेल. (टाळ्या)

अध्यक्षमहाराजांनी घड्याळ माझ्यापुढे सरकविले आहे, आणि मुख्य प्रमाण तर अजून मांडावयाचेच आहे! नांदेडच्या आश्रमातील माधवदास बैराग्याचा बंदासिंग कसा झाला, आणि १९३६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी या पंथाचा किती गांभीर्याने विचार केला, ही दोन्ही प्रकरणे मी बाजूस ठेवतो. ती आपणांस ठाऊक आहेत. ज्या दिवशी खालशाची स्थापना झाली ती १६९९ ची वैशाखी मात्र मला सोडता येत नाही.

आनंदपूरच्या त्या मेळ्यात गुरूंनी नंगी तलवार हाती धरून शीर मागितले, आणि एकामागून एक पाच जण उठले. ते कोण होते? लाहोरचा खत्री दयाराम, हस्तिनापूरचा जाट धरमदास, जगन्नाथपुरीचा पाणक्या हिंमतराय, द्वारकेचा मोहकमचंद, जो परंपरेप्रमाणे नामदेवांच्याच व्यवसायातला होता, आणि आमच्या दक्षिणेतील बिदरचा न्हावी साहिबचंद. भारताचे चार कोपरे आणि व्यवसायांच्या सर्व पायऱ्या त्या पाचांत आल्या. यांपैकी दयाराम, जे दयासिंग झाले, ते पुढे गुरूंचे जफरनामा हे फारसी पत्र औरंगजेबास पोहोचविण्यासाठी दक्षिणेत आपल्या अहमदनगरापर्यंत आले. गुरूंनी लोखंडी पात्रात पाणी आणि पतासे घेऊन, बाण्यांचा, म्हणजे पवित्र पदांचा, पाठ करीत ते खंड्याने, म्हणजे दुधारी तलवारीने, ढवळले आणि ते अमृत पाचांस पाजले. येथवरची कथा सर्वांस माहीत असते. त्यानंतर जे घडले ते माझ्या साऱ्या विवेचनाचे मर्म आहे: गुरूंनी त्या पाचांपुढे वीरासन घालून, हात जोडून, तेच अमृत आपणांसही द्यावे अशी याचना केली, आणि गोविंदराय त्या क्षणी गोविंदसिंग झाले. घटकेपूर्वी ज्यांस त्यांनी दीक्षा दिली, त्यांच्याच हातून त्यांनी दीक्षा घेतली. ज्या पंथाचा संस्थापक नवागत होऊन रांगेत उभा राहिला, त्या पंथात नवागतास उणे लेखण्याचा हक्क कोणास उरला?

हा विधी आजही तसाच चालतो. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीने १९४५ मध्ये मंजूर केलेल्या रहत मर्यादेप्रमाणे, कोणत्याही देशाच्या, वंशाच्या वा जातीच्या स्त्रीपुरुषास अमृत घेता येते. अट एवढीच, की वय अगदी कोवळे नसावे, आणि केस, कंगवा, कडे, कच्छ व किरपाण हे पाच ककार अंगावर असावेत. पाच प्यारे प्रथम पंथाचे नियम समजावून सांगतात आणि ते स्वेच्छेने मान्य आहेत काय, असे विचारतात. मग पाच ओंजळी अमृत प्यावयाचे, पाच वेळा ते नेत्रांवर आणि पाच वेळा केसांवर शिंपडले जावयाचे. आणि उरलेले सर्वांनी एकाच पात्रास ओठ लावून संपवावयाचे. त्यानंतर त्यांस सांगितले जाते, की आजपासून तुमचे पिता गुरू गोविंदसिंग, माता साहिबकौर, जन्मस्थान केसगढ आणि वास्तव्य आनंदपूर. पूर्वीचे कुळ, धंदा आणि जात यांचा हिशेब येथे पुरा झाला. हे शब्द परक्या घरून आलेल्यासाठी निराळे आणि अमृतसरात सात पिढ्या नांदलेल्यासाठी निराळे नाहीत. दोघांचाही ठावठिकाणा त्या दिवशी एकच लिहिला जातो.

(घंटा) एकच मिनिट, अध्यक्षमहाराज. तरुण मंडळींपैकी कोणाच्या मनात ही ओढ असेल, तर त्यास माझे सांगणे असे: उतावीळ होऊ नका. अमृत घेतल्यावर केस कापता येत नाहीत, तंबाखू वर्ज्य होते, हलाल मांस आणि व्यभिचार यांचा कायमचा त्याग करावा लागतो; पहाटेचा जपजी, सायंकाळचा रहिरास आणि निजतेवेळचा सोहिला हा नित्यनेम जन्मभर पाळावा लागतो. जे इतके महत्त्वाचे आहे ते एका रात्रीच्या उमाळ्यावर स्वीकारू नये, आणि पंथही तशी घाई करीत नाही. उत्सवाच्या गर्दीत न जाता एखाद्या साध्या, कामाच्या दिवशी आपल्या गावच्या गुरुद्वारात जा. पंगतीत बसा. मग भांडी घासावयास मागा. ग्रंथपाठ करणाऱ्या ग्रंथींपाशी बसून अक्षरे शिका, घरच्या वडीलधाऱ्यांशी मोकळेपणाने बोला, आणि जितका काळ लागेल तितका लागू द्या. तेथे तुम्हांस कोणी ओढून नेणार नाही. आणि एकदा गेलात, तर जन्माने शीख असलेल्यांच्या मागच्या ओळीत तुम्हांस कोणी बसविणार नाही, ही ग्वाही त्या पंथाच्या दहाव्या गुरूंनी स्वतः गुडघे टेकून दिलेली आहे.