लस, सक्ती आणि सदसद्विवेक



लस घेण्याची सक्ती झाली, तर मनाला पटत नाही म्हणून तीतून सूट मागता येते काय, या प्रश्नावर रोमन कॅथलिक पंथात जो वाद झाला, तो आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत. परक्यांचा वाद म्हणून तो बाजूला सारण्याजोगा नाही. राज्यसत्तेने माणसाच्या शरीराला कोठवर हात घालावा आणि माणसाने आपल्या मनाची ग्वाही कोठवर पुढे करावी, हे दोन्ही प्रश्न त्यात एकदम उभे राहतात.

प्रथम आक्षेपाचे मूळ पाहू. १९६२ साली स्वीडनमधील आणि १९६६ साली ब्रिटनमधील एकेका गर्भपातातून मिळालेल्या गर्भाच्या फुप्फुसांतील पेशी प्रयोगशाळेत वाढवण्यात आल्या. त्यांची संतती आजही वाढते आहे. तिच्यासाठी नवा गर्भपात करावा लागत नाही. रुबेलाची, म्हणजे जर्मन गोवराची, लस अशा पेशींत तयार होते. हॉलंडमधील लायडेन येथे १९७३ साली एका गर्भाच्या मूत्रपिंडापासून तयार केलेल्या पेशींत कोविशील्ड लशीचा विषाणू वाढवला गेला आणि ती लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवली. म्हणजे या मंडपातील पुष्कळांच्या दंडात हा वाद येऊन गेलेला आहे!

गर्भपात हे कॅथलिकांच्या दृष्टीने घोर पातक. मग त्यातून आलेली लस घेणारा त्या पातकाचा भागीदार होतो काय? येथे त्यांचे नीतिशास्त्र जवळचा सहभाग आणि दूरचा सहभाग असा भेद करते. एका सावकाराने कुळांना नागवून विहीर बांधली असे समजा. त्याचे खोटे कागद लिहिणारा कारकून पापाचा वाटेकरी खराच. पण साठ वर्षांनंतर, गावात दुसरे पाणी नसताना, त्या विहिरीवर घागर भरणारी बाई वाटेकरी ठरेल काय? ठरणार नाही. मात्र तिने सावकाराचे पोवाडे गाऊ नयेत आणि दुसऱ्या विहिरीची मागणी सोडू नये. २००५ साली व्हॅटिकनच्या जीवनविषयक अकादमीने जो निर्वाळा दिला, त्याचा आशय थोडक्यात हाच होता. २१ डिसेंबर २०२० रोजी धर्मसिद्धांतांची राखण करणाऱ्या मंडळाने कोविडच्या लशींबाबतही तेच सांगितले: निर्दोष लस मिळत नसेल, तर ही घेण्यास हरकत नाही.

पण त्याच पत्रकात आणखी दोन गोष्टी होत्या. लस घेणे हे सर्वसाधारणपणे नैतिक बंधन नाही, म्हणून ते ऐच्छिक असावे, ही एक. जो विवेकाला स्मरून नकार देईल, त्याने आपल्यामुळे रोग पसरू नये म्हणून पराकाष्ठा करावी, ही दुसरी. पुढे २०२१ साली अमेरिकेत परिचारिका, शिक्षक आणि सैनिक यांच्यावर लशीची सक्ती आली, तेव्हा सूट मागणाऱ्या कॅथलिकांनी पहिली गोष्ट पाठ केली आणि दुसरी बहुधा विसरली. बिशपांतही फूट पडली. न्यूयॉर्कच्या धर्मप्रांताने जुलैअखेर आपल्या धर्मगुरूंना बजावले की, सुटीची पत्रे देऊ नका. कोलोरॅडोच्या बिशपांनी ऑगस्टात अशा पत्राचा नमुनाच प्रसिद्ध केला. त्याच महिन्यात पोप फ्रान्सिस लस घेणे हे प्रेमाचे कृत्य आहे असे सांगत होते.

मग खरे कोण? आमच्या मते पत्राचा आग्रह हाच मुळात चुकीचा होता. थॉमस ॲक्विनासच्या शिकवणुकीप्रमाणे विवेकाचा कौल चुकलेला असला, तरी त्याविरुद्ध वागणे पाप आहे. पण आपल्याच हलगर्जीपणाने विवेक चुकला असेल, तर ती सबब चालत नाही. असा विवेक ज्याचा त्यानेच घडवायचा असतो. दुसऱ्याच्या सहीने तो खरा होत नाही, किंवा खोटाही ठरत नाही.

उलट, सक्तीची भीती ही निव्वळ भाबडी समजूत आहे, असेही कोणी मानू नये. १९०५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जेकबसन या पाद्र्याच्या खटल्यात देवीच्या लशीची सक्ती उचलून धरली. दंड होता अवघा पाच डॉलर! १९२७ साली त्याच निकालाचा आधार घेऊन न्यायमूर्ती होम्स यांनी कॅरी बक या तरुणीवर सक्तीने वंध्यीकरणाची शस्त्रक्रिया करण्यास मान्यता दिली. आठ न्यायमूर्ती एका बाजूला होते. विरोधी मत एकट्या पिअर्स बटलर यांचे होते, आणि ते कॅथलिक होते. दंडावरच्या टोचणीपासून शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंतची वाट सत्तेने बावीस वर्षांत काटली, हे विसरून चालणार नाही.

पण पारड्याची दुसरी बाजूही जड आहे. १९६४-६५ साली अमेरिकेत रुबेलाची साथ आली. तीत सुमारे वीस हजार मुले जन्मतःच व्यंगे घेऊन आली आणि हजारो गर्भ दगावले. ज्या लशीला गर्भाच्या कैवारापोटी आक्षेप घेतला जातो, तीच लस पोटातल्या गर्भांना वाचवते! ती नाकारणाऱ्याच्या विवेकाने शेजारच्या गर्भवती स्त्रीचाही विचार केला पाहिजे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी कोविडच्या लशीबाबत असाच मेळ घातला. कोणाला बळजबरीने टोचता येणार नाही. पण लोकांच्या आरोग्यासाठी प्रमाणशीर निर्बंध घालता येतील. आम्हांला हेच रास्त वाटते. सूट म्हणजे कर्जमाफी नव्हे. जो सुई नाकारतो, त्याने घरी थांबण्याचे, दूर राहण्याचे, प्रसंगी नोकरीतली जागा बदलून घेण्याचे ओझे आनंदाने उचलावे. आणि राज्याने त्याला शत्रू न मानता समजावण्याचे कष्ट घ्यावेत. किंमत मोजण्याची तयारी नसलेला विवेक हा निव्वळ हट्ट, आणि पटवून देण्याचा धीर नसलेली सत्ता ही निव्वळ दांडगाई. या दोहोंपासून समाजाला जपणे हे तुम्हांआम्हां सर्वांचे काम आहे, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.